गुळगुळीत भिंत

५ ऑगस्ट

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

घर चांगलं आहे हे माणसाने कशावरून ओळखायचं? मला या प्रश्नाचं उत्तर येत नाही, आणि गवंड्यांच्या घरात वाढून येत नाही याची लाज वाटते. बाबा गेल्यापासून तुमच्या थापीवर आपलं सगळ्यांचं चाललं. सुट्टीत मी तुमच्या कामांवर वाळू चाळत बसायचे. पण लोक राहायला येईपर्यंत आपण पुढच्या कामावर गेलेलो असायचो. घर बांधतात कसं ते मी पाहिलंय, निवडतात कसं ते कधीच पाहिलं नाही.

फोनवर विचारलं असतं, पण फोन आईच्या हातून सुटत नाही. तुमच्या वाट्याला शेवटी "बरी आहेस ना" एवढंच येतं. म्हणून हे पत्र.

विद्यापीठातला प्रवेश पक्का झाला. आता दोन वर्षं सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास. पहिल्याच तासाला बाईंनी सांगितलं, माणूस आजारी का पडतो हे कळायला आधी तो राहतो कुठे ते बघा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आपल्या कामाबद्दलच बोलल्यासारखं.

सध्या मैत्रिणीच्या मावशीकडे उतरले आहे. मावशी चांगल्या आहेत, पण "अजून दोन दिवस राहा" हे त्या आता जरा हळू म्हणतात. तीन जागा पाहिल्या. एक विद्यापीठाचं वसतिगृह. एका खोलीत सहा जणी, खिडकी एकच, आणि यादीत नाव लागलं तरच. दुसरी शहराच्या पार टोकाला, दोन मुलींबरोबर. तिथून येण्याजाण्यातच दिवस संपेल. तिसरी विद्यापीठापासून चालत जाण्याइतकी जवळ, छापखान्याच्या गल्लीत, एका चार मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. एक नर्स तिथे आधीपासून राहते, तिला जोडीदारीण हवी आहे. मालक सभ्य आहेत. भिंती अशा गुळगुळीत की हात फिरवत राहावं.

मला तिसरी आवडली आहे. पण तुम्ही म्हणाल ते करीन.

तुमची,
मास्तरीणबाई


१२ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाई,
अनेक आशीर्वाद.

वसतिगृह घे. सहा जणी म्हणजे काय जगबुडी झाली का? आम्ही कामावर एका पत्र्याखाली डझनभर माणसं झोपतो, आणि त्यात एकटा मीच घोरत नाही असं मला वाटतं. बाकीच्यांचं मत वेगळं आहे. वसतिगृहाला सरकारी बांधकाम असतं, भिंती दिसायला ओबडधोबड पण जाड. दारावर बाई बसलेली असते. तुझ्या आईच्या जिवाला बरं.

नाही जमलं तर दुसरी घे. बसमध्ये पुस्तक वाच.

तिसरी मनातून काढून टाक. छापखान्याची गल्ली म्हणजे पुढची की मागची? इमारतीखाली दुकान आहे का, ते लिहिलं नाहीस. असो. घ्यायचीच नाही तर कशाला चौकशी. कारण विचारू नकोस, कधीतरी मोठ्यांचं मुकाट्याने ऐकावं.

काकू म्हणते, डोक्याला तेल लावत जा.

तुझा काका


२० ऑगस्ट

ती. काकांस,
सा. न.

रागावू नका. वसतिगृहाची यादी लागली, माझं नाव नाही. दुसऱ्या जागेतल्या मुलींनी आपल्याच गावच्या एकीला घेतलं. आणि मावशींनी परवा माझी पिशवी स्वतः भरून दिली, त्यामुळे तिसरीच घेतली. तुमचं म्हणणं मला कळलं, काका. दारावर बाई नाही, येण्याजाण्याची वेळ विचारायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला काळजी. पण मी तुमचीच पुतणी आहे. मला राखणदार लागत नाही.

तुम्ही विचारलं म्हणून सांगते. गल्ली पुढची. खाली फरशांचं मोठं दुकान आहे, मधे एकही खांब नाही, सायकल शिकवावी इतकं मोकळं. पहिल्या मजल्यावर एका बाजूला त्यांचं गोदाम, दुसऱ्या बाजूला शिंपीणबाई. त्यांचं मशीन दिवसभर चालतं, आणि तोंड त्याहून जास्त. मला पाहून म्हणाल्या, "ही काय, शाळेतून पळून आलीस का गं?" दुसऱ्या मजल्यावर आम्ही. नर्सताई पाळीवर असते, घरी आली की झोपते, उठली की माझी थट्टा करते. वर एक आजी-आजोबा.

आमच्या खोलीची रस्त्याकडची भिंत सगळ्यात सुंदर. तिच्या वरच्या अंगाला एक जुना आकडा होता, त्याला मी बाबांचा पितळी ओळंबा टांगलाय. दोरी भिंतीला चिकटून खाली येते आणि पितळेचं बूड भिंतीला अगदी टेकून राहतं. अभ्यास करता करता मान वर केली की तो दिसतो. घरी असल्यासारखं वाटतं.

बाबांचा फोटोही तिथेच लावणार आहे. तेवढा एक खिळा ठोकायचा राहिलाय.

तुमची,
मास्तरीणबाई


२५ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाई,

पत्र मिळाल्या मिळाल्या लिहितोय, हात धुवायलाही थांबलो नाही, म्हणून कागदावर चुना दिसेल.

त्या भिंतीत खिळा ठोकू नकोस. अजिबात नको. फोटो टेबलावर उभा ठेव. ओल असलेल्या भिंतीत खिळा गंजतो आणि गिलावा सुटतो, म्हणून म्हणतो.

खाट त्या भिंतीला लावली असशील तर आजच ओढ. दाराजवळ आण. पुस्तकं, ट्रंक, जड काहीही त्या बाजूला नको. आणि दार ते जिना या वाटेत चपलासुद्धा ठेवू नकोस. तुला वाटेल म्हातारा झाला, बरळतो. बरळू दे.

ओळंबा काढून ट्रंकेत ठेव. तो काय शोभेची वस्तू आहे? भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं अवजार आहे ते.

दुसरी जागा शोधायला लाग. सावकाश नाही, लगेच. आईला यातलं काही सांगू नकोस, ती उगाच जीव काढते.

काका


३० सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न.

महिनाभर लिहिलं नाही, माफ करा. पाहणीच्या कामासाठी वस्त्यांमधून फिरत होते. लोकांना विचारते, घरात ओल आहे का, उजेड येतो का. ते सांगतात आणि मग मलाच विचारतात, "तुमच्याकडे आहे का बाई?" मी ऐटीत सांगते, आमच्याकडे काकांच्या हुकमाने खिळासुद्धा ठोकलेला नाही.

खाट दाराजवळ आणली. चपला हातात घेऊन आत येते. नर्सताई म्हणते, "तुझे काका गवंडी आहेत की ज्योतिषी?" एक हुकूम मात्र मोडला, ओळंबा काढला नाही. त्याला काढलं की खोली परकी होते.

पण काका, खोलीला काहीतरी होतंय. हवा कोरडी आहे, तरी दार फुगल्यासारखं घासतं. खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. कपाटाचं दार आपण होऊन उघडतं. खिडकीच्या काचेला तडा गेला, कुणी हातही लावला नव्हता. भिंतीच्या पायथ्याशी पांढरी भुकटी पडते, झाडली की दुसऱ्या दिवशी तेवढीच. दुपारी शांत असलं की भिंतीतून बोटं मोडल्यासारखा आवाज येतो. नर्सताई म्हणते उंदीर. मीही उंदीरच म्हणते.

ओळंबाही रुसलाय. बूड भिंतीला टेकायचं ना, ते आता सुटलंय. मधून माझं बोट जातं. दोरी सैल झाली असेल म्हणून पुन्हा बांधली, तरी तसंच. गोदामात फरशांची नवी खेप आली त्या दिवसापासून जास्त वाटतं, पण तो माझ्या मनाचा खेळ असेल.

आता खरी गोष्ट सांगते, ती शेवटी ठेवली होती. काल ती भुकटी झाडायला अगदी कोपऱ्यात वाकले, आणि तिथे, जमिनीलगत, गिलाव्यात अंगठ्याचा ठसा! टोक वाकलेलं, मधोमध विटेने चिरल्याचा वण. आपल्या घरात दारामागे आहे तोच! लहानपणी मी त्यात बोट घालून बसायचे आणि तुम्ही म्हणायचा, "जिच्यासाठी मी शब्द देईन, त्याच भिंतीवर अंगठा." मी जमिनीवर पालथी पडून त्यात माझा अंगठा घातला. नर्सताईला वाटलं मला चक्कर आली.

काका, ही खोली तुम्ही केलीत! मला सांगितलं का नाहीत? एवढ्या मोठ्या शहरात मी तुमच्याच भिंतीच्या आडोशाला येऊन पडले. मला रडू आलं.

तुमची,
मास्तरीणबाई


८ ऑक्टोबर

चि. हिस आशीर्वाद.

मी त्या शहरात बरीच कामं केली, सगळी कुठली लक्षात राहणार. अंगठे पुष्कळ गवंडी उठवतात. वाकडे अंगठे जगात काय एकट्या माझ्याकडेच आहेत? विटा सगळ्यांच्याच बोटांवर पडतात.

भुकटी पडते ती कुणाला दाखवू नकोस. मालकाशी बोलू नकोस. शिंपीणबाईशी तर मुळीच नको. जागा मिळाली का ते लिहिलं नाहीस.

फोनवर बोलायला आईकडे आलो होतो. तुझा आवाज ऐकला. बरी आहेस ना, एवढंच विचारलं.

काका


१७ ऑक्टोबर

ती. काकांस,
सा. न.

तुमचं पत्र मी पुष्कळदा वाचलं. तुम्ही लिहिलंत शिंपीणबाईशी मुळीच बोलू नकोस. काका, शिंपीणबाई बडबड्या आहेत हे मी तुम्हाला लिहिलं होतं, पण त्यांच्याशी बोलण्यात धोका काय, हे मला समजेना. म्हणून खाली गेले.

कपडा मशीनखाली सरकवत त्या म्हणाल्या, "भिंतीचं विचारतेस? अगं, खालचं दुकान झालं ना, तेव्हा मालकाने मधली भिंत काढली. तिथे आधी दोन लहान गाळे होते. ती भिंत गेली आणि तुमच्या खोलीला ही एवढी फट पडली, हात जाईल अशी. मग तपासणी यायची होती. आदल्या दिवशी चार माणसं आली. दाराला पडदा लावून काम केलं. संध्याकाळी बघितलं तर भिंत आरशासारखी! तपासनीस आला, हात फिरवला, 'छान' म्हणाला आणि गेला."

मी विचारलं, त्या माणसांतला एखादा आठवतो का. त्यांनी सुई तोंडात धरली, डोळे बारीक केले. "मुकादम होता एक. गप्प बसायचा. माझ्याकडे बोटाला बांधायला चिंधी मागायला आला होता. अंगठा वाकडा होता बघ त्याचा."

मग त्यांनी दोरा तोडला आणि विचारलं, "का गं? तू पांढरी का पडलीस?"

मी म्हटलं, जेवले नाही अजून.

काका, दुकान कोणत्या वर्षी झालं ते मी दुकानातल्या पाटीवर वाचलं. त्याच वर्षी तुम्ही दुसऱ्याच्या हाताखालचं काम सोडून स्वतःची टोळी केलीत. त्याच वर्षी मला मोठ्या शाळेत घातलंत. आईने सगळ्यांना सांगितलं होतं, शहरातल्या एका कामाने भाऊजींचं नशीब उघडलं.

मी आरोप करत नाही. मला फक्त विचारायचं आहे, आणि तुम्ही मला कधी खोटं सांगितलं नाहीत म्हणूनच विचारते. त्या गिलाव्यामागे काय आहे? भिंत सांधली होती, की झाकली होती? ओळंब्याच्या मागून आता दोन बोटं जातात. इथे आम्ही दोघी आहोत, वर आजी-आजोबा आहेत, खाली शिंपीणबाई आणि त्यांची गिऱ्हाइकं. दुकानात तर दिवसभर माणसं.

उलट टपाली लिहा.

मास्तरीण


२२ ऑक्टोबर

पोरी,

आईसमोर फोनवर हे बोलता येत नाही, म्हणून लिहितो. पत्र मिळाल्या क्षणी तिथून नीघ. शहरात माझ्या ओळखीचा एक रंगारी आहे, त्याला निरोप दिलाय. त्याच्या बायकोने एक खोली रिकामी करून ठेवली आहे. पत्ता मागे लिहिलाय. कपडे नाही घेतलेस तरी चालेल.

तू नीघ. बाकीच्यांचं तुला काय करायचंय? ती माणसं तिथे वर्षानुवर्षं राहतात, त्यांना डोळे आहेत. मालक मोठा माणूस आहे. तू तोंड उघडलंस तर इमारतीला कुलूप लागेल आणि तीच माणसं तुला शिव्या देतील. माझ्या टोळीत किती घरं जेवतात ते तुला माहीत आहे. एवढी वर्षं उभी आहे, अजूनही राहील. मी तर म्हणतो काही होणार नाही. पण तू तिथे झोपू नकोस.

तुझ्या बाबाला मी शब्द दिला होता, तुला सांभाळीन. तो मोडायला लावू नकोस.

विचारलंस त्याचं उत्तर समोरासमोर देईन. कागदावर नाही.

काका


२७ ऑक्टोबर

ती. काकांस,
नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं तेव्हा दुपार होती. मी ते दाराजवळच्या खाटेवर बसून वाचलं. "तू तिथे झोपू नकोस" या वाक्याशी आले आणि समोर पाहिलं. नर्सताई पाळी संपवून आली होती, तोंडावर पदर घेऊन गाढ झोपली होती. तिची खाट अजून भिंतीलाच आहे. मी माझी हलवली तेव्हा तिला हलवायला सांगितलं नव्हतं. काकांचा हुकूम माझ्यापुरता आहे असंच मी धरून चालले होते. तुम्हीही.

मी तिला उठवलं. मालकांना बोलावलं, वरच्या आजी-आजोबांना, शिंपीणबाईंना. मालक हसतच आले. म्हणाले, "बाई, इमारत पास झालेली आहे. फार वाटत असेल तर रंग लावून देतो." मी त्यांना ओळंबा दाखवला. ते म्हणाले, "अहो, दोरीला लटकवलेली वस्तू हलणारच." शिंपीणबाईही म्हणाल्या, "पोरी, तुझं शिक्षण संपलं की तू जाशील. माझं दुकान इथेच आहे. उगाच भुई धोपटू नकोस."

दुकानातून आणलेली हातोडी माझ्या मागे खाटेवर होती. मी भिंतीच्या मध्यावर घातली.

जोर लागलाच नाही, काका. पोकळ आवाज आला आणि गिलाव्याचा पापुद्रा ताटाएवढा निघून पडला. आत सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या कोंबलेल्या होत्या, त्यावर गोणपाट, त्यावर तुमचा गुळगुळीत हात. मी पिशव्या ओढल्या. माझा हात कोपरापर्यंत आत गेला आणि पलीकडून बोटांना वारा लागला.

मालकांनी टेबलाला हात टेकला आणि पटकन काढून घेतला, जणू टेबलही पडेल. सगळ्यात आधी शिंपीणबाई हलल्या. खाली गेल्या आणि मशीन उचललं. मग नर्सताई वर धावली, आजींना पाठीवर घेऊन उतरली. आजोबा मागून ओरडत होते, "चष्मा, चष्मा!" मालकांनी खालचं दुकान स्वतः रिकामं केलं. संध्याकाळच्या आत सगळे समोरच्या फुटपाथवर होते.

नगरपालिकेचा तपासनीस आला. आमच्या खोलीत गेला आणि लगेच बाहेर आला. टोपी आत टेबलावर विसरला होता. मी आठवण करून दिली. तो म्हणाला, "राहू दे." त्याने दाराला मोहर लावली.

इमारत अजून उभी आहे, हे तुम्हाला सांगायला हवं. माणसं एका शाळेच्या सभागृहात आहेत, मीही तिथूनच लिहिते. रंगाऱ्याच्या घरी गेले नाही. आजोबा मला विचारतात, "पडली का?" नाही म्हटलं की तोंड फिरवतात. शिंपीणबाई माझ्याशी बोलत नाहीत. तुम्ही म्हणालात तशा शिव्या मिळाल्या. नर्सताई मात्र आपली सतरंजी माझ्या शेजारी टाकते.

काल तपासनीसाने सगळ्यांना बोलावून विचारलं, भिंत कुणी झाकली. मालक म्हणाले, गिलावा करणारे येतात-जातात, नाव कोण लक्षात ठेवतो. शिंपीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मुकादम माझ्या घरचाच, हे त्यांना मी पांढरी पडले त्या दिवशीच कळलं असणार. त्या गप्प बसल्या. माझ्यासाठीच बसल्या असतील, एवढ्या रागातसुद्धा.

त्या दिवशी सगळे खाली उतरत असताना अंगठ्याच्या त्या कोपऱ्याशी मी थांबले होते. हातोडी हातात होती. दोन घाव घातले असते तर तेवढा तुकडा भुकटी होऊन गेला असता आणि सगळी घाई इतकी की कुणी पाहिलंही नसतं. मी खाली बसले. अंगठ्यात माझा अंगठा घातला. तो आता बरोबर बसतो. तुम्ही तिथे तो का उठवलात याचा मी फार विचार केला. त्या भिंतीसाठी तुम्ही शब्द देऊच शकला नसता. सवयीने झालं असेल. काम झालं की हात आपोआप खाली जातो.

मी तो कोपरा फोडला नाही. आज सकाळी नगरपालिकेत जाऊन तुमचं नाव दिलं, आपल्या घरचा पत्ता दिला, आणि तुमच्याशी माझं नातं काय तेही सांगितलं. ते तुमच्याकडे येतील. त्यांच्या आधी हे पत्र पोचावं म्हणून पोस्टात स्वतः टाकायला जाते. आईला मी काही कळवलेलं नाही.

बाबांचा ओळंबा माझ्याजवळ आहे. सगळं सामान आत राहिलं, तेवढा मी काढून आणला.

तुमची,
मास्तरीण